आधी मनगटाला विचार

२ ऑक्टोबर १९५५, रविवार

सहावा धडा. आज गरम टॉवेल.

उस्ताद हसनमियाँ म्हणाले, चेहऱ्याचं निम्मं काम टॉवेलच करतो. कडुलिंबाचा पाला टाकून पाणी उकळायचं, टॉवेल बुडवून पिळायचा, दोनदा झटकायचा. मग तो आपल्या डाव्या मनगटाला आतून लावून बघायचा. तिथली कातडी पातळ असते. तिला सोसलं तर गालाला सोसतं. "पैले अपनी कलाई को पूछ. गाहक को नक्को पूछ, वो शरम के मारे हौ बोलता."

उस्तादांनी हैदराबादेत एका नवाबाच्या हमामात तीस वर्षं लोकांची अंगं चोळली. नवाबी गेली, हमाम थंड पडला. मग बहिणीकडे जालन्याला आले आणि मस्तगडात दोन खुर्च्या टाकल्या. वस्तरा मला कुणी शिकवायला नको, तो वडलांच्या हातून आला. शिकायचं ते बाकीचं : वाफ, लेप, चेहऱ्याची मालिश, चंपी, हातपाय रगडणं. गावातली तरणी पोरं आता माझ्या धोकटीपुढे उकिडवी बसत नाहीत. जालन्याला येऊन खुर्चीत बसतात. म्हणून गुरुवार-रविवार इथे, बाकी पाच दिवस गावकी.

चार कोस यायला, चार कोस जायला. चालताना रामनाम होतं, तेवढा वेळ माझा.

१६ ऑक्टो., रविवार

चूक झाली. एक आडत्या शेठजी खुर्चीत होते. टॉवेल मनगटाला लावला, बराबर वाटला, तोंडावर ठेवला. ते ताडकन उठले. गाल लाल. उस्तादांनी गार दूध लावलं, दहा वेळा माफी मागितली. मला म्हणाले, "हाथ सो रा क्या तेरा?"

लक्ष नव्हतं म्हणावं, तर होतं. लेकीच्या, शेवंताच्या लग्नाचा विचारही मनात नव्हता त्या घडीला.

२७ ऑक्टो., गुरुवार

पुन्हा तेच. या वेळी उस्ताद शेजारीच उभे होते. माझ्या हातातला टॉवेल घेऊन त्यांनी स्वतःच्या मनगटाला लावला आणि झटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "ये टॉवेल है के अंगार?" मला तो कोमट लागला होता. खोटं लिहीत नाही. कोमटच.

दुपारी हाताच्या नसा शिकवल्या. कोपराच्या आतल्या हाडामागून एक नस जाते, ती ओळखायची पण दाबायची नाही, दाबली तर करंगळीपर्यंत मुंग्या येतात. आपल्याच दोन्ही कोपरांवर शोध म्हणाले. उजवीकडची सुतळीएवढी. डावीकडची चांगली दोरखंडासारखी, दाबली तरी मुंग्या नाहीत. जन्मभर याच हातानं लोकांची डोकी धरली, म्हणून जाड झाली असेल. उस्तादांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं

१५ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा.

सकाळी हिनं पाटावर बसवून तेल लावलं, उटणं चोळलं. मी हिला चिडवलं, उस्तादांकडे तुलाच पाठवायला पाहिजे होतं. हसत होती. चोळता चोळता थांबली. माझ्या डाव्या हातावर रक्त होतं. तिच्या फुटक्या बांगडीची कड लागून मनगटापासून चांगलं बोटभर ओरखडलं होतं.

"दुखलं न्हाई?"

मी म्हणालो, न्हाई.

तिनं बांगडीची कड त्याच जागी टेकवली. हळूच दाबली. माझ्या तोंडाकडे बघत होती. मग नुसती पाणी ओतत राहिली, उटणं निघून गेलं तरी ओतत राहिली. त्या जागेला जरा फिकट डाग आहे. ऊन लागून झालाय असं मी वर्षभर समजत आलो. तिथे केस नाहीत, घाम नाही.

शेवंतानं ओवाळायचं ताट आणलं तेव्हा हिनं माझ्या हातावर पंचा टाकला.

१६ नोव्हें.

आज नाव लिहितो, एकदाच. महारोग. पुढे नुसतं 'ते' लिहीन.

मला ते ओळखायला वैद्य नको. थोरल्या चुलत्याला होतं. ओढ्यापलीकडे खोपट घालून दिलं होतं. मी सात-आठ वर्षांचा, आई भाकरी बांधून देई, मी ती एका दगडावर ठेवून पळत सुटे. चुलते लांबून हाका मारत, थांब रे, दोन शब्द बोल. मी थांबलो नाही. न्हाव्याच्या घरचा माणूस, पण मेला तेव्हा दाढी छातीवर आली होती. सख्ख्या भावानं, म्हणजे माझ्या वडलांनी, वस्तरा लावला नाही. वडील वाईट नव्हते. रोज जेवायच्या आधी त्यांचं नाव घेऊन एक घास बाजूला काढून ठेवत. पण वस्तरा लावला नाही.

हिनं माझ्या दोन बंड्यांना लांब बाह्या शिवल्या. जेवताना नेहमीसारखी माझ्याच ताटात जेवली. आज मात्र प्रत्येक घास माझ्याकडे बघून खाल्ला.

२४ नोव्हें., गुरुवार

टॉवेल गालाला लावून बघितला. गालाला सगळं कळतं. उस्ताद म्हणाले, कलाई सोडून गाल कशाला? मी म्हटलं, मला असं बराबर समजतं. एकही गिऱ्हाईक भाजलं नाही.

उजव्या हातात ते नाही. सुईनं टोचून बघितलं, डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं गेलं आहे. वस्तरा उजव्या हातात असतो, डावा नुसता गाल ताणून धरतो. असं मनाला सांगतो. मन ऐकतं आणि रामासमोर बसलो की परत विचारतं.

११ डिसेंबर, रविवार

शेवंताची सुपारी फुटली. मुलगा केदारखेड्याचा, दत्तू. बाप-लेक मिळून बस थांब्याजवळ दुकान चालवतात. मुलगा सातवी शिकलेला, शांत. व्याही मला म्हणाले, तुम्ही जालन्याची कला शिकून राह्यले म्हणून तुमच्या घराला हो म्हणालो, पोराला दोन गोष्टी शिकवा. लग्न वैशाखात.

सगळे हसत होते. ही माझ्या बाहीचं बटन नीट आहे का ते बघत होती.

१५ जानेवारी १९५६, रविवार

संक्रांतीचं गिऱ्हाईक पुष्कळ. आज उस्ताद पहिल्यांदा खूश झाले. भुवईपासून कानशिलापर्यंत अंगठे कसे न्यायचे ते मला आता साधलं आहे. एक म्हातारे वकील खुर्चीतच झोपले. उस्ताद म्हणाले, "तेरे हाथ में रहम है." बरं वाटलं. त्या वकिलाच्या कपाळावर माझी कुठली बोटं होती ते मला ठाऊक आहे.

येताना वाटेवर बसलो. नाम घेतलं, पण कुणाचा गाल, कुणाची मान, असेच चेहरे येत राहिले. मोजायला गेलो, मोजवेना.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज व्याही आणि दत्तू दुकानात आले. बाजारासाठी आल्ते, म्हणून डोकावले. उस्तादांनी खुर्ची पुसून दत्तूला बसवलं. व्याही बाकावर बसले. न्हाव्यासमोर न्हाव्यानं काम करायचं म्हणजे कठीण, तो हातच बघत असतो.

दत्तू म्हणाला, "मामा, तुम्हीच करा. घरी सांगायला व्हईल."

टॉवेल काढला. गालाला लावावा तर व्याही विचारतील हे काय नवीन. मनगटाला लावला. काहीच कळलं नाही. झटकला, परत झटकला, हवेत धरून ठेवला. पोराचा चेहरा भाजला तर? शेवटी ठेवला.

"मामा, हा तर थंडगार हाय की."

व्याही खदखदून हसले. "जावयाला लई जपून राह्यले इवाई. लग्नाआधीच एवढं, तर मंग आम्हाला काय ठेवता?"

मीही हसलो. उस्ताद हसले नाहीत.

ते गेल्यावर उस्तादांनी दुकानाचं एक दार ओढून घेतलं, माझी बाही वर केली आणि बोटांनी कोपरामागे चाचपलं. धडा घेताना चाचपतात तसंच. दोरी सापडली. तिथेच त्यांचा हात थांबला.

"कब से?"

मी पाडव्यापासूनचं सांगितलं. ऑक्टोबरचं सांगितलं नाही. तेही त्यांना आठवलंच असेल.

म्हणाले, हमामात एक जण होता, असाच. कुणी हाकललं नाही, भट्टीवर बसवलं, लाकडं घालायला. एक दिवस त्याचा पाय निखाऱ्यावर पडला आणि तो तसाच बसून गप्पा मारत राहिला. वास आला तेव्हा बाकीच्यांना समजलं. मग म्हणाले, "आज से हाथ नक्को लगा. आँख से सीख. और डॉक्टर के पास जा, जल्दी."

मी निघालो तेव्हा ते मागच्या मोरीवर हात धूत होते. साबण लावून, कोपरापर्यंत, पुष्कळ वेळ. वाईट वाटलं नाही. मीही धुतले असते.

१८ फेब्रु.

गावातही वस्तरा ठेवला. हात मुरगळला म्हणून सांगितलं. पाटील आठ दिवस दाढी वाढवून बसलेत. आज पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "सखाराम, जालन्याच्या शेठलोकांची तोंडं चोळून आता आमचं थोबाड आवडत न्हाई काय?" लोक हसले. त्यांना हसू दिलं. एवढं सोपं कारण त्यांना मिळालं हे बरंच झालं.

माझीही दाढी वाढली आहे. माझी दुसऱ्या वाडीचा भाऊबंद करतो, त्याच्याकडे गेलो नाही. रामनवमीचा नवस आहे असं सांगतो. देवाच्या नावावर खोटं. हेही लिहून ठेवतो.

२७ फेब्रु., सोमवार

रेल्वेनं औरंगाबाद. डॉक्टर तरुण, बोलायला साधे. डोळे मिटायला लावले, कापसाचा बोळा फिरवला, कुठे लागतं सांगा म्हणाले. मी काही वेळा नुसतं अंदाजानं सांगितलं. त्यांना कळलं. "आजोबा, परीक्षा नाही ही," म्हणाले. आजोबा कुणी म्हणायची ही पहिलीच वेळ.

त्यांनी सांगितलं ते असं : गोळ्या आहेत, आता या रोगाला उपाय आहे. बोटं वाचतील, पण गेलेलं स्पर्शाचं ज्ञान बहुधा परत येणार नाही. हात लावला आणि लागला असं होत नाही, वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्याला भीती जास्त. मी विचारलं, ज्यांचे चेहरे चोळले? म्हणाले, बहुतेक कुणालाच काही होणार नाही. पण काही महिने वस्तरा आणि मालिश बंदच ठेवा.

बहुतेक. हा शब्द येताना गाडीत माझ्यासोबत बसून होता.

मग म्हणाले, घरातल्या सगळ्यांना घेऊन या, तपासायला हवं. मुलगी आहे म्हणता? तिला आधी.

४ मार्च, रविवार

हिला सांगितलं. गोळ्यांचं ऐकून रडली, आनंदानं. शेवंताचं ऐकून उठून उभी राहिली. "पोरीला त्या दवाखान्याच्या पायरीवर कुणी बघितलं म्हंजे? लगीन होऊ द्या. मंग मला कुठं न्यायचं तिथं न्या."

मी म्हणालो, आणि तिला काही निघालं तर? दत्तूच्या घरात जाऊन निघालं तर?

"न्हाई निघणार."

तिनं ते ज्या तऱ्हेनं म्हटलं, त्यावरून समजलं की हीदेखील पोरीला झोपेत चाचपून बघत असणार.

८ मार्च, गुरुवार

दुकानात बाकावर बसून डोळ्यानं शिकणं चालू आहे. उस्ताद काम करताना मोठ्यानं बोलतात, गिऱ्हाइकाला वाटतं त्यालाच सांगतायत. आता कपाळ, आता कानशील, आता मान. मी मांडीवर अंगठे फिरवतो. माझा पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवलाय. पण ये म्हणतात. मी येतो.

११ मार्च

आज दुकानाला सुट्टी घेतली. शेवंताला म्हणालो, अभ्यास करायचा आहे, बैस. तिला सवय आहे, माझे सगळे धडे आधी तिच्याच हातापायांवर झाले. (हे लिहिताना हात थांबला.)

डोळे मिटायला लावले. कोंबडीचं पीस घेतलं, डॉक्टरांनी केलं तसं. मनगट, दंड, कानाची पाळी, गाल, गुडघा, पायाचा तळवा. एका वाटीत गरम पाणी, एकीत गार, चमचा बुडवून लावला. ती पटापट सांगत होती.

"गरम. गार. आबा, गुदगुल्या होऊन राह्यल्या. हे कसलं शिकवून राह्यले तुमचे उस्ताद?"

एकही चुकली नाही. मी उगाच दोन-तीनदा हात न लावताच विचारलं, तर म्हणाली, आता तुम्ही लावलंच न्हाई. कोपरामागची नस दोन्हीकडे सुतळीएवढी.

ही चुलीपाशी पाठ करून बसली होती. भाकरी करपली तरी उलटली नाही तिनं.

रामाला दंडवत घातला. पण पीस म्हणजे डॉक्टर नव्हे. आणि आज नाही म्हणजे पुढे नाही, असंही नव्हे.

२५ मार्च

गोळ्यांचा पहिला महिना. मळमळ. काल परत औरंगाबादला जाऊन आलो. डॉक्टरांनी विचारलं, मुलगी? मी म्हणालो, आणतो. खाली बघून म्हणालो.

१९ एप्रिल, गुरुवार. रामनवमी.

जांबला आलो. समर्थांचं गाव. गर्दी पुष्कळ. मी मंडपाबाहेर खांबाला टेकून जन्माचा पाळणा ऐकला. आत गेलो नाही, कुणाच्या अंगाला लागू नये म्हणून. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही. आपलं आपणच.

शेजारी एक बाई लेकराला खांद्यावर घेऊन उभी होती. गर्दीचा रेटा आला तसं तिनं ते माझ्याकडे दिलं, "धरा हो बाबा थोडं." मी धरलं. डाव्या हातावर त्याचं वजन कळत होतं, ऊब कळत नव्हती. पाळणा संपेपर्यंत तसाच उभा. मग ती परत घेऊन गेली.

तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दत्तूच्या घरीही असंच होणार का? महिन्याभरात त्या पोराचे पाय धुवायचे आहेत मला. त्याच्या हातात पोरीचा हात द्यायचा आहे, वरून पाणी सोडायचं आहे. पाणी गरम का गार तेसुद्धा मला कळणार नाही, आणि तो मामा मामा करत उभा असेल.

चुलत्यांना काय हवं होतं? दोन शब्द. आणि एक दाढी.

ठरलं. सांगायचं. आधी दत्तूच्या बापाला, मग तो म्हणेल त्याला. ठरलं असं लिहितोय, पण घरी हिच्यासमोर उभं राहायचं अजून बाकी आहे.

२१ एप्रिल

हिला सांगितलं. ओरडली नाही. म्हणाली, "लगीन मोडलं तर पोरगी तुम्हाला कधी माफ करायची न्हाई. मीबी न्हाई." मग थोड्या वेळानं माझी बंडी धुवायला घेतली, ती लांब बाह्यांची. वाळत घालताना म्हणाली, उद्या पहिली गाडी गाठा, उन्हात जाऊ नका.

शेवंताला काहीच माहीत नाही. हळदीसाठी जातं धुऊन ठेवत होती.

२२ एप्रिल, रविवार. केदारखेडा.

व्याह्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून लिहितो. पेन्सिल बरोबर होती. ते गिऱ्हाइकात आहेत, एक जण खुर्चीत आणि त्याच्यामागे कुणी नाही. खुर्ची नवीन, आरसा नवीन. भिंतीला खिळा मारून ठेवलाय, टॉवेलासाठी म्हणाले. जालन्यासारखं करणार आहेत. दत्तू भोकरदनला गेलाय, दुपारी येईल. बरं झालं.

आल्या आल्या पाणी दिलं, माझी दाढी बघून म्हणाले, "इवाई, ही काय दशा? नवस फिटला न्हाई का अजून? थांबा, एवढं गिऱ्हाईक झालं की मीच बसवतो तुम्हाला. व्याह्याला असं घेऊन लग्नात फिरलो तर लोक माझ्या हातालाच हसतील."

वस्तरा चामड्यावर घासायचा आवाज येतोय. चांगला हात आहे त्यांचा, लय धरून जातो. माझ्या वडलांचा असाच होता.

काय म्हणायचं ते वाटभर घोळत आलो. आता त्यातलं एकही वाक्य जवळ नाही. दाखवणंच सोपं.

गिऱ्हाईक उठलं. आरशात बघून मिशीवरून बोट फिरवतंय. गेलं.

व्याही कापड झटकून खुर्चीमागे उभे आहेत, या म्हणतायत. मी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडून घेतली आहे.